डंजनमध्ये कच्चा लिंबू का चालत नाही?

हे या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' नेहमीसारखे काढलेत. एखाददुसरा राहिला असेल तर सांभाळून घ्या.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून निघाला. ते लिहितात, की मी चार वर्षं ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळतोय, शेवटच्या लेव्हलची दोन कॅरेक्टर्स आहेत, पण अनोळखी लोकांबरोबर एकही डंजन केलेलं नाही. बटणावर बोट जातं आणि परत येतं. माझ्यात काही कमी आहे का?

नाही हो, तुमच्यात काही कमी नाही. पण 'काही नाही, बिनधास्त जा' असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण या भीतीला कारणं आहेत आणि त्यातली बरीचशी गेमच्या रचनेत आहेत. ती आज जरा उलगडून बघू.

ज्यांनी हे गेम खेळलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डंजन म्हणजे शब्दशः तळघर किंवा अंधारकोठडी. गेममध्ये मात्र गुहा, किल्ला, जहाज, काहीही डंजन असू शकतं. बाहेरचं जग सगळ्यांचं असतं, हजारो लोक तिथे हिंडत असतात. डंजन तसं नसतं. तुमच्या गटासाठी त्या जागेची वेगळी प्रत तयार होते आणि आत तुम्ही सोडून दुसरं कुणी नसतं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये हा गट पाच जणांचा. एक टँक, जो पुढे उभा राहून मार खातो. एक हीलर, जो सगळ्यांना जिवंत ठेवतो. आणि तिघं डॅमेज करणारे, ज्यांना डीपीएस म्हणतात. 'फायनल फँटसी फोर्टीन'मध्ये चार जण, तिथे डॅमेजवाले दोन. या वाटणीत एक मेख आहे. तीन डॅमेजवाल्यांपैकी एक ढिला पडला तर बाकीचे दोघं ओढून नेतात. टँक किंवा हीलर चुकला की पाचही जण आडवे. याला 'वाइप' म्हणतात, पाटी पुसल्यासारखं. सगळे पुन्हा दारापासून चालत यायचं.

आता दहीहंडी आठवा. खालच्या थरातला एक जण डगमगला की वरचे सगळे कोसळतात. पण गोविंदा पथक महिना-दोन महिने आधीपासून सराव करतं. खाली कोण आहे, त्याचा खांदा किती भक्कम आहे, हे वर चढणाऱ्याला माहीत असतं. डंजनमध्ये तुम्हाला चौकात उभं करून सांगतात, हे चार अनोळखी लोक, लावा थर, आणि लवकर लावा, आम्हाला पुढच्या चौकात जायचंय.

हे सुरुवातीपासून असं नव्हतं. १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला तेव्हा गटाशिवाय फारसं काही जमायचंच नाही. मेलात तर मिळवलेला अनुभव कमी व्हायचा आणि सामान तुमच्या प्रेतापाशी पडून राहायचं, ते आणायला परत जायचं. एकटा माणूस तिथे फार लांब जाऊ शकत नसे. मग २००४ च्या नोव्हेंबरमध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि त्यात पहिल्या लेव्हलपासून साठाव्या लेव्हलपर्यंत एकट्याने जाता येत होतं. लाखो लोकांना हा गेम आवडण्यामागे हे मोठं कारण होतं असं मला वाटतं. म्हणजे ज्याला 'सोशल' गेम म्हणून डोक्यावर घेतलं, त्याचं आकर्षण निदान अर्धं तरी एकट्याने खेळता येण्यात होतं.

हे माझंच मत नाही. कॅलिफोर्नियातल्या 'पार्क' या संशोधन संस्थेत निकोलस डुशेनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉरक्राफ्टच्या कॅरेक्टर्सची गेममधली हालचाल टिपली आणि २००६ मध्ये त्यावर निबंध लिहिला. शीर्षकाचा अर्थ साधारण 'एकत्र, पण एकटे?' असा. लोक या गेममध्ये पुष्कळ वेळ एकटेच असतात, असं त्यांना दिसलं. पण एकटे असूनही त्यांना आजूबाजूला माणसं हवी असतात, कुणी बघायला, कुणाकडे बघायला, नुसती गजबज म्हणून. मला यात आपली बाग दिसते. संध्याकाळी बागेत बाकावर एकटे बसलेले आजोबा घरात बसू शकले असते, पण त्यांना बागेतच बसायचं असतं. त्यांना उठवून 'चला, खो-खोत एक गडी कमी आहे' म्हटलं तर ते येतीलच असं नाही. आणि आले नाहीत म्हणून ते माणूसघाणे ठरत नाहीत.

तर पहिली गोष्ट ही, की सगळेच भित्रे नसतात. कित्येकांना नुसतं बाकावर बसायचं असतं. आणि आणखी एक मोठा वर्ग आहे, ज्याचं कारण अगदीच घरगुती आहे: डंजनला पॉज नसतो. एकटे खेळत असाल आणि कुकरची शिट्टी झाली, बेल वाजली, बाळ उठलं, तर कॅरेक्टर एका कोपऱ्यात उभं करून जाता येतं. डंजनमध्ये हीलर उठून गेला तर चार जण मरतात. मधेच गट सोडला तर वॉरक्राफ्टमध्ये 'डेझर्टर', म्हणजे पळपुटा, असा शिक्का बसतो आणि काही वेळ पुन्हा रांगेत उभं राहता येत नाही. बाळाला झोपवायला गेलेली आई गेमच्या हिशेबात पळपुटी ठरते. लहान मुलं असलेल्या घरांत 'मी फक्त क्वेस्ट करते' हे वाक्य ऐकू येतं त्याचं कारण इतकं साधं आहे.

पण श्रोत्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना जायचंय आणि जाववत नाही. त्यासाठी आधी २००९ मध्ये जायला लागेल.

त्याआधी डंजनला कसं जायचं? समजा तुम्ही होर्डच्या बाजूने खेळताय आणि 'वेलिंग कॅव्हर्न्स'ला जायचंय. बॅरन्स नावाच्या माळरानातली गुहा, आत इतक्या वळणावाटा की जुने खेळाडू आजही तिथे हरवल्याचे किस्से सांगतात. चॅटमध्ये ओरडायचं, हीलर पाहिजे, टँक पाहिजे. अर्धा तास, कधी तास. मग सगळ्यांनी आपापल्या ठिकाणाहून तिथवर यायचं. कुणीतरी वाट चुकणार, कुणी गुहेच्या तोंडाशीच मरणार. खरं सांगतो, हे सगळं वैतागवाणं होतं. त्या काळाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांमधला मी नाही. पण त्या खोळंब्यात एक गोष्ट नकळत होत होती. पाच माणसं तासभर एकत्र ताटकळत होती. तेवढ्यात कळायचं, की हा नवा आहे, ही दोन मुलांची आई आहे, हा जरा आगाऊ आहे. शिवाय सगळे एकाच सर्व्हरचे. आज कुणाला शिव्या घातल्या तर उद्या बाजारात तोच भेटणार. गावात असतं तसंच, भांडण परवडत नाही.

डिसेंबर २००९ मध्ये ३.३ क्रमांकाचा पॅच आला आणि त्यात 'डंजन फाइंडर'. एक बटण. तुम्ही टँक, हीलर की डॅमेज, ते निवडायचं आणि रांगेत उभं राहायचं. गट आपोआप जुळणार, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे लोक एकत्र येणार, आणि असाल तिथून उचलून थेट आत. संपलं की परत जागेवर. सोय म्हणून बघितलं तर अप्रतिम. अनोळखी लोकांच्या अशा गटाला इंग्रजीत 'पिक-अप ग्रुप' म्हणतात, त्याचं लघुरूप 'पग'. म्हणून शंभर अनोळखी लोकांबरोबर खेळलात की गेम तुम्हाला बक्षीस म्हणून एक पग कुत्रा द्यायचा. तोच तो, हचच्या जाहिरातीतला. त्या जाहिरातीत तो मुलाच्या मागे मागे कुठेही जातो. गेममधला पगचा गट मात्र शेवटचा शत्रू पडला की दुसऱ्या सेकंदाला गायब होतो, 'थँक्स' टाइप होण्याआधी.

माझ्या मते सगळा फरक इथे पडला. आधी वेळ जायचा, पण ओळख व्हायची. आता वेळ वाचला आणि ओळख गेली. ओळखच नसेल तर चुकीला माफी कुठून येणार? 'लीरॉय जेन्किन्स'चा तो व्हिडिओ आठवतो? २००५ चा. सगळे गंभीरपणे योजना आखतायत आणि एक गडी स्वतःच्या नावाची आरोळी ठोकून आत घुसतो, सगळे मरतात. तो व्हिडिओ ठरवून केलेला होता हे नंतर उघड झालं. पण त्यातला विनोद चालतो तो कशामुळे? ते सगळे एकमेकांचे दोस्त आहेत म्हणून. तेच एखाद्या अनोळखी पोराने पगमध्ये केलं असतं तर मतदान घेऊन वीस सेकंदांत बाहेर काढलं असतं.

आता दुसरी बाजूही बघा, कारण समोरचे चौघं राक्षस नसतात. नवा खेळाडू पहिल्यांदा आत येतो तेव्हा त्याच्यासाठी ती सहल असते. भिंती बघायच्या असतात, गोष्ट कळून घ्यायची असते. जुना खेळाडू तिथे शंभराव्यांदा आलेला असतो, कारण रोजच्या पहिल्या फेरीला गेम बक्षीस देतो. वॉरक्राफ्टमध्ये हे होतं, फायनल फँटसीत 'रूलेट' नावाने आहे. मुद्दाम ठेवलेलं असतं ते, नाहीतर नव्यांना जोडीदारच मिळणार नाहीत. पण परिणाम काय होतो? एकाची सहल आणि दुसऱ्याची हजेरी एकाच बसमध्ये. हजेरीवाल्याला वीस मिनिटांत सही करून निघायचंय. त्याचा राग नव्याच्या चुकीवर नसतोच खरं तर, पाच मिनिटं वाढली यावर असतो. नव्याला मात्र तो स्वतःच्या लायकीवरचा शेरा वाटतो.

याचं सगळ्यात करुण उदाहरण फायनल फँटसी फोर्टीनमध्ये घडलं. तिथे मुख्य कथा पुढे न्यायची तर ठरावीक डंजन करावीच लागतात, सुटका नाही. २०१३ मध्ये गेम नव्याने आला तेव्हाच्या कथेचा शेवट 'प्रीटोरियम' नावाच्या आठ जणांच्या डंजनमध्ये होता. नवा माणूस कित्येक तास खेळून, कथेत गुंतून तिथे पोचायचा. लढाईच्या मधे मधे लांबलचक दृश्यं. तो ती मन लावून बघायचा, आणि दृश्य संपेपर्यंत जुन्या सात जणांनी ती वगळून पुढचा शत्रू मारूनही टाकलेला असायचा. ज्या शेवटासाठी एवढं सगळं केलं, तो त्याच्याशिवायच होऊन गेला. २०१८ मध्ये कंपनीने ती दृश्यं वगळता येणार नाहीत असं केलं. मग जुने वैतागले, तासभर तेच तेच बघायचं. शेवटी २०२२ मध्ये ते डंजनच बदलून चार जणांचं केलं. एकाच जागेत दोन प्रकारची माणसं कोंबल्यावर काय होतं ते यात सगळं आलं.

नंतर यात आकडे आले. वॉरक्राफ्टमध्ये 'रिकाउंट', 'डीटेल्स' अशी छोटी जोड-सॉफ्टवेअर्स असतात. कुणी किती डॅमेज केलं त्याची यादी लावतात, सेकंदासेकंदाची. मुळात उपयोगी वस्तू, स्वतःचं काय चुकतंय ते कळतं. पण ती यादी चॅटमध्ये चिकटवली की शाळेतल्या फळ्यावर लावलेला निकाल होते. त्यात तुम्ही योग्य वेळी शत्रूचा मंत्र तोडलात, कुणाला तरी वाचवलंत, ते कुणी वाचत नाही. यादीच्या तळाशी कोण आहे तेवढं वाचतात. पुढे 'गिअरस्कोअर' आला, तुमच्या सगळ्या सामानाचा मिळून एक आकडा. २०१६ मध्ये 'मिथिक प्लस' आलं, डंजनला घड्याळ लागलं. कुणी मेलं की घड्याळातून सेकंद कापले जातात, आणि वेळेत झालं नाही तर ज्याने चावी आणली त्याची चावी एक पायरी खाली उतरते. म्हणजे तुमच्या चुकीचा दंड दुसऱ्याला. 'रेडर डॉट आयओ' या साइटवर प्रत्येकाच्या फेऱ्यांचा गुण लागतो, आणि गट जुळवताना लोक आधी तो बघतात. अनुभवाशिवाय गटात घेत नाहीत आणि गटाशिवाय अनुभव मिळत नाही. फ्रेशर म्हणून नोकरी शोधलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

काही जण म्हणतात, फाइंडर काढा, सगळं सुधारेल. हा प्रयोगही झालाय. वॉरक्राफ्टचा २००८ चा भाग 'क्लासिक' म्हणून २०२२ मध्ये पुन्हा आणला तेव्हा फाइंडर मुद्दाम वगळला होता. जुनी माया परत येईल ही आशा. झालं काय, तर लोक चॅटमध्ये आधी गिअरस्कोअर विचारायला लागले. आत गेल्यावर कुणी हाकलेल ही जी भीती होती, ती दारातच कुणी घेणार नाही अशी झाली. २०२३ मध्ये फाइंडर परत आणला.

थोडं माझं सांगतो. मी एक गेम युरोपच्या सर्व्हरवर खेळायचो. त्यांचे हिवाळ्यातले रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा. आई शेजारच्या खोलीत झोपलेली, त्यामुळे माइकवर बोलणं शक्य नाही. पिंग दोनशेच्या आसपास, म्हणजे जमिनीवरची आग मला दिसेपर्यंत मी भाजलेलो असायचो. हीलर निवडला होता, का तर हीलरला रांगेत थांबावं लागत नाही असं वाचलं होतं. हीलर कमी का असतात हा प्रश्न तेव्हा पडला नाही, पडायला हवा होता. टँक पळत सुटला, तीन टोळ्या एकदम ओढल्या, मेला, सगळे मेले. चॅटमध्ये कुणीतरी फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं. शिवी नाही, काही नाही, नुसतं '?'. मी उत्तर टाइप करत होतो, आधी मनात मराठीत, मग इंग्रजीत, आणि वाक्य पूर्ण होण्याआधी मी बाहेर. गटातून काढलं होतं. त्यानंतर आठ-नऊ महिने मी ते बटण दाबलं नाही. हसू येतं आता, पण त्या रात्री मी लॅपटॉप मिटून बराच वेळ अंधारात बसलो होतो. चाळिशीच्या जवळचा माणूस, एका प्रश्नचिन्हामुळे.

म्हणून मला वाटतं, की ही भीती हरण्याची नसते. एकट्याने खेळताना मी एकाच शत्रूकडून वीस वेळा मेलोय आणि मजेत मेलोय. भीती आहे चार लोकांचा वेळ खाल्ल्याची, त्यांच्यादेखत शिकण्याची. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट खेळताना कुणाचा तरी धाकटा भाऊ 'मला पण घ्या' म्हणून रडायचा. मग त्याला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचे. तो आउट झाला तरी पुन्हा बॅटिंग, त्याला कुणी जोरात बॉल टाकायचं नाही. दोन-तीन मोसमांत तोच पोरगा सगळ्यांना धुवायचा. डंजनच्या रांगेत कच्चा लिंबू ही जागाच नाही.

टँकची टंचाई त्यातूनच येते. टँकला रस्ता माहीत असावा, कुठे थांबायचं ते माहीत असावं, आणि पहिल्यांदा आलेल्या टँकला ते माहीत असणं शक्यच नाही. टंचाई इतकी, की २०११ मध्ये वॉरक्राफ्टने 'कॉल टू आर्म्स' आणलं. ज्या भूमिकेची माणसं कमी पडतायत ती घेऊन या, वर एक पिशवीभर बक्षीस घ्या. लोकांनी ती पिशवी घेतली, पण ज्याला भीती वाटत होती त्याची भीती पिशवीने जाते होय? जे आधीपासून धीट होते तेच जास्त फेऱ्या मारणार.

कच्च्या लिंबाच्या जवळ जाणारी सोय फायनल फँटसीत आहे. नव्या खेळाडूच्या नावापुढे एक कोवळा कोंब दिसतो, आणि गटात कुणी ते डंजन पहिल्यांदा करत असेल तर आत शिरतानाच सगळ्यांना सूचना मिळते, वर जुन्यांना जादा बक्षीस. म्हणजे तुमचं नवखेपण त्यांच्या फायद्याचं. डॅमेज मोजणारी बाहेरची साधनं तिथे नियमाने बंद आहेत. लोक चोरून वापरतात, पण त्यावरून कुणाला चॅटमध्ये सुनावलं तर सुनावणाऱ्यावरच कारवाई होऊ शकते. वातावरणात फरक पडतो याने, मी दोन्हीकडे खेळलोय.

आणि अलीकडे तर माणसंच काढून टाकायची वाट निघालीय. फायनल फँटसीने २०१९ मध्ये 'ट्रस्ट' आणलं, कथेतली पात्रंच तुमच्याबरोबर डंजनमध्ये येतात. २०२२ पासून 'ड्यूटी सपोर्ट'मुळे सुरुवातीच्या कथेतली डंजनही अशी करता येतात. वॉरक्राफ्टने जानेवारी २०२४ मध्ये 'फॉलोअर डंजन' आणले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'डेल्व्ह', जिथे ब्रान ब्राँझबिअर्ड नावाचा बुटका सोबतीला असतो. हे सोबती वैतागत नाहीत, प्रश्नचिन्ह टाकत नाहीत. तुम्ही उठून चहा करून आलात तरी उभे असतात. काही जुने खेळाडू यावर नाक मुरडतात, की मग ऑनलाइन कशाला खेळायचं. मला ते पटत नाही. बाकावरच्या आजोबांना बागेत यायचा हक्क आहे.

फक्त एक आहे. हे सोबती तुम्हाला डंजन शिकवतात, माणसं नाही शिकवत. ते पुढे पळत नाहीत, मूर्खपणा करत नाहीत, त्यामुळे टँक पळत सुटल्यावर हीलरने काय करायचं ते तिथे कळत नाही.

तर प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांसाठी. जायचं नसेल तर नका जाऊ, खरंच. जायचंच असेल तर आधी तेच डंजन सोबत्यांबरोबर दोनदा करा आणि ते कुठे उभे राहतात ते बघा, बऱ्याचदा तीच सुरक्षित जागा असते. मग डॅमेजवाल्याच्या भूमिकेत जा, रांग लांब असली तरी. साधी पातळी निवडा, घड्याळवाली नको. आणि आत शिरल्या शिरल्या, पहिली लढाई व्हायच्या आधी, चॅटमध्ये लिहा की माझी पहिली वेळ आहे. मी ते वाक्य आता आधीच टाइप करून ठेवतो, फक्त चिकटवायचं. नऊ महिन्यांनी परत गेलो तेव्हा असंच केलं होतं. टँकने उत्तर दिलं, माझीही तिसरीच आहे, हळू जाऊ. चाळीस मिनिटं लागली आम्हाला. दोनदा मेलो.

पुढच्या भागात गिल्ड कसं निवडायचं त्यावर बोलू. तुमचे वाइपचे किस्से पाठवा, नाव न घेता वाचून दाखवेन.